नकाशातली निळी रेघ: आपल्या पायांना झेपेल असे स्की-केंद्र कसे निवडावे

आमच्या वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली मुले आज म्युनिक, व्हिएन्ना, झुरिक अशा शहरांत नोकरीला आहेत. आंबिया बहार उतरला आणि तुरीचे खळे आटोपले, की ती आईवडिलांना महिना-दीड महिना बोलावून घेतात आणि त्या मुक्कामात आल्प्सच्या बर्फावर आठवडाभर स्कीइंग करण्याचा बेत हमखास निघतो. ज्यांना परदेशी जायचे नसते ते औली किंवा गुलमर्गची चौकशी करतात. अशी पुष्कळ कुटुंबे मला एकच प्रश्न विचारत आली आहेत, की सगळ्यात चांगले ठिकाण कोणते. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो, कारण एकाच केंद्रात एकाचा आठवडा आनंदात जातो आणि दुसऱ्याचा भीतीत. ठिकाण कोणाच्या पायांसाठी शोधायचे आहे, हे आधी ठरावे लागते.

वावर विकत घ्यायचे झाले तर आपण सातबाऱ्यावरचा आकडा पाहून इसार देत नाही. त्यात काळी कसदार जमीन किती, बरड किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते का आणि भर पावसाळ्यात पांदण रस्त्याने बंडी बाहेर निघते का, हे पायी फिरून पाहतो. स्की-केंद्राच्या जाहिरातीतले ‘६०० किलोमीटर उतार’ हा सातबाऱ्यावरचा आकडा आहे. फ्रान्समधल्या त्रुआ व्हाले या जोडलेल्या दऱ्यांमध्ये खरोखरच तेवढे उतार आहेत. पण नवशिक्या माणसाच्या वाट्याला आठवडाभरात त्यातले जेमतेम चार-पाच किलोमीटर येतात. त्याने ते चार-पाच किलोमीटर कसे आहेत आणि संध्याकाळी घरी परतायची पांदण कशी आहे, एवढेच बारकाईने पाहावे.

पहिल्या खेपेला मी स्वतः हे पाहिले नाही. एका प्रवासी कंपनीने ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ म्हणून सुचवलेल्या केंद्रात सोपे उतार होते हे खरे, पण ते सगळे डोंगराच्या माथ्यावर होते आणि गावाकडे उतरणारी वाट लाल, म्हणजे अवघड, होती. चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला वारा सुटल्यामुळे खाली नेणारा गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद पाळणा, थांबवण्यात आला आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्की बांधलेली आम्ही तीन माणसे त्या लाल वाटेच्या तोंडाशी उभी राहिलो. दिवसभर उन्हाने मऊ झालेला बर्फ सावली पडताच पुन्हा गोठून काचेसारखा टणक झाला होता. स्की काढून खांद्यावर घेतल्या आणि वाटेच्या कडेने बुटांच्या टाचा रुतवत आम्ही दीड तास खाली उतरलो. त्यात माझ्या धाकट्या भावाचा गुडघा असा दुखावला, की पुढचे दोन पावसाळे त्याला मांडी घालून बसता आले नाही. तेव्हापासून कोणत्याही केंद्राच्या नकाशावर मी सर्वांत आधी परतीची वाट शोधतो.

रंगांचा अर्थ

बर्फ यंत्राने दाबून, खांब रोवून आखलेल्या वाटेला युरोपात ‘पिस्ट’ म्हणतात आणि तिची अवघडता रंगाने दाखवतात. फ्रान्समध्ये हिरवी सर्वांत सोपी, त्यानंतर निळी, लाल आणि काळी असा क्रम आहे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली या देशांत हिरवा रंग सहसा वापरत नाहीत, त्यामुळे तिथे सोप्यातली सोपी वाटही निळीच असते. अमेरिका आणि कॅनडात हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा खुणा असतात. म्हणून अमेरिकेत निळ्या वाटेवर शिकलेल्या माणसाने ऑस्ट्रियाची निळी वाट आपल्या ओळखीच्या निळीपेक्षा सोपी असण्याची शक्यता धरावी, आणि ऑस्ट्रियात निळीवर रमलेल्याने अमेरिकेची निळी तेवढीच सोपी समजू नये.

ऑस्ट्रिया आणि जर्मनीकडच्या प्रचलित मानकांप्रमाणे निळ्या वाटेचा उतार, काही लहान तुकडे वगळता, २५ टक्क्यांपर्यंत असतो आणि लाल वाटेचा ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढची काळी. २५ टक्के म्हणजे १०० मीटर आडवे अंतर जाताना २५ मीटर खाली उतरणे, म्हणजेच सुमारे १४ अंशांचा कोन. ऑस्ट्रियातल्या मायरहोफनची ‘हाराकिरी’ नावाची काळी वाट ७८ टक्क्यांची, म्हणजे सुमारे ३८ अंशांची आहे. कागदावर हे आकडे लहान वाटतात, पण वर उभे राहून पाहिले की डोळ्यांना तो उतार दुप्पट भासतो.

तरीही आकड्यावर पूर्ण विसंबू नये. रंग ठरवणारी माणसे आपल्याच डोंगरातल्या इतर वाटांशी तुलना करतात, त्यामुळे एकूणच उभ्या डोंगरांच्या केंद्रातली निळी वाट दुसरीकडे लाल ठरली असती. ऑस्ट्रियातले सांक्ट अँटोन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिथल्या काही निळ्या वाटांनी भलेभले थकतात. शिवाय रंग वाटेची रुंदी सांगत नाही, आणि नवशिक्याच्या दृष्टीने रुंदी ही उताराइतकीच मोलाची असते. उतारावर पाण्याने माती वाहून नेऊ नये म्हणून आपण उताराला आडवी पेरणी करतो. स्कीवरचा माणूसही वेग आवरण्यासाठी तसाच आडवा जातो, वळतो आणि पुन्हा आडवा येतो. वाट अरुंद असली, की आडवे जायला जागाच उरत नाही आणि माणूस सरळ खाली खेचला जातो. झाडीतून काढलेली चार मीटर रुंदीची निळी वाट नवशिक्याला मोकळ्या माळावरच्या लाल वाटेपेक्षाही जास्त घाबरवते.

आपली पातळी प्रामाणिकपणे ओळखणे

‘मी दोनदा औलीला जाऊन आलो’ हे पातळीचे माप होत नाही. स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. ठरवलेल्या जागी थांबता येते का? डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच सहजतेने वळता येते का? आणि हे सगळे दुपारी तीन वाजता, मांड्या भरून आलेल्या असताना जमते का? पहिल्या प्रश्नालाच नकार असेल तर माणूस नवशिका आहे, मग त्याच्याजवळ छायाचित्रे कितीही असोत. तिन्हींना होकार असेल आणि निळ्या वाटेवर दोन्ही स्की समांतर राहत असतील, तर तो मधल्या पातळीवर पोहोचला आहे. लाल वाट कोणत्याही बर्फावर, न थांबता, वेग हातात ठेवून उतरणारा माणूस पुढच्या पातळीचा. दोन पातळ्यांमध्ये शंका असेल तर खालची धरावी, कारण सोप्या केंद्रात गेलेल्याचा फार तर एखादा दिवस वाया जातो, उलट चूक झाली तर अख्खा आठवडा जातो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझ्या वहिनींनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फ पाहिला. इटलीतल्या दक्षिण टिरोलमधल्या एका पठारावर, शिकाऊ उताराच्या पायथ्याशी त्या बुटांचे बक्कल आवळून उभ्या होत्या आणि शिक्षक त्यांना स्कींची पुढची टोके जवळ, मागची दूर ठेवायला शिकवत होता. वेग रोखण्याची ही पहिली युक्ती आहे. वहिनींनी खाली पाहिले आणि म्हणाल्या, “हे त नांगराच्या फाळावानी दिसते.” मी ते भाषांतर करून सांगितले तेव्हा शिक्षकाचा चेहरा खुलला, कारण जर्मन बोलणारे लोक या आकाराला ‘फ्लूग’, म्हणजे नांगरच म्हणतात. टाचा बाहेर ढकलल्या की फाळ रुंद होतो आणि वेग कमी होतो, हे त्यांना त्यानंतर पुन्हा सांगावे लागले नाही. तिसऱ्या दिवशी त्या निळ्या वाटेवरून एकट्या उतरल्या. यात वहिनींचा धीर होताच, पण जागेचाही मोठा वाटा होता. उताराच्या शेवटी लांबरुंद सपाटी होती, त्यामुळे थांबता आले नाही तरी माणूस आपोआप थांबत होता.

नवशिक्यासाठी केंद्र पाहताना ही सपाटी आधी पाहावी. त्यानंतर वर जायचे साधन पाहावे. शिकाऊ उतारावर ‘मॅजिक कार्पेट’, म्हणजे सरकता पट्टा असेल तर नुसते उभे राहायचे असते. काठीला लावलेली चकती किंवा उलट्या ‘टी’ आकाराचा दांडा ज्यात माणसाला ओढत नेतो ती ओढलिफ्ट मात्र नवशिक्याला जड जाते, कारण त्यावर बसायचे नसते आणि बसायला गेला की माणूस पडतो. शिकाऊ उताराची पुढची पायरी, म्हणजे एक लांब, रुंद, सोपी वाट, त्याच परिसरात असावी. पुष्कळ केंद्रांत शिकाऊ लिफ्ट मोफत असते किंवा तिचा वेगळा, स्वस्त पास मिळतो. तसे असेल तर पहिले दोन-तीन दिवस संपूर्ण केंद्राचा महागडा पास घेण्यात काही अर्थ नाही.

या कसोट्यांवर मला काही ठिकाणे मनापासून सुचवावीशी वाटतात. इटलीच्या डोलोमाइट्समधले आल्पे दी सिउसी हे विस्तीर्ण उंच पठार सौम्य उतारांचे आहे आणि ऊनही भरपूर असते. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ गावाच्या अगदी वर रुंद हिरव्या वाटांचा मोठा पट्टा आहे. त्याच केंद्रात सारेन ही १६ किलोमीटर लांबीची काळी वाटही असल्यामुळे जाणकार सोबत्यालाही कंटाळा येत नाही. इटलीचे चेर्विनिया गाव सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या वरच्या प्लान मेझों भागात लांब, मोकळे उतार आहेत. याउलट ले द्यू झाल्प या फ्रेंच केंद्राची रचना उलटी आहे. हिमनदीवरचे वरचे उतार तिथे सोपे आहेत आणि गावाजवळचे उभे आहेत, म्हणून तिथे नवशिके संध्याकाळी लिफ्टनेच खाली येतात. हे आधी माहीत असेल तर त्यात वाईट काही नाही. माहीत नसेल तर आमच्यासारखी गत होते.

आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना स्वित्झर्लंड म्हटले की टिटलिस आठवते. तिथे फिरत्या गंडोलातून ३,००० मीटरवर जाऊन बर्फात फोटो काढता येतो, पण पर्यटनाला सोयीचा डोंगर स्कीइंग शिकायलाही सोयीचा असतो असे नाही. या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात.

मधल्या पातळीसाठी

निळ्या वाटा आरामात आणि लाल वाटा थोड्या धास्तीने उतरणाऱ्या माणसाला खरे तर सर्वांत जास्त पर्याय आहेत, आणि किलोमीटरचा आकडा त्यालाच उपयोगी पडतो, कारण त्याला एका दरीतून दुसरीत जाण्याची मजा घेता येते. फ्रान्समधली मेरिबेल आणि कुर्शव्हेल, डोलोमाइट्समधली आल्ता बादिया, ऑस्ट्रियातली स्कीवेल्ट ही केंद्रे त्याने पाहावीत. सेला पर्वताभोवती चार खिंडी ओलांडून एका दिवसात पूर्ण होणारी ‘सेलारोंदा’ ही फेरी याच पातळीच्या माणसासाठी आहे. तिथे एकच धोका आहे आणि तो वेळेचा आहे. लिफ्ट बंद व्हायच्या आत शेवटची खिंड ओलांडली नाही, तर माणूस परक्या दरीत अडकतो आणि टॅक्सीला मोठे पैसे मोजावे लागतात. सकाळी लवकर निघावे आणि जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ देऊ नये.

नकाशा वाचताना या पातळीच्या माणसाने माथ्यापासून गावापर्यंत निळी रेघ बोटाने गिरवून पाहावी. मध्येच ती लाल होत असेल तर तो तुकडा चुकवणारी दुसरी वाट किंवा लिफ्ट आहे का, हे तपासावे. तुटक रेघेने दाखवलेल्या वाटेवर यंत्र फिरवलेले नसते. तिला पिस्ट समजू नये.

जाणकारांसाठी

शामोनी, वेर्बिये, सांक्ट अँटोन, फ्रान्समधले ला ग्राव्ह ही नावे जाणकारांच्या तोंडी असतात. शामोनीत १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले आणि तिथल्या एग्युई द्यु मिदी या ३,८४२ मीटर उंच शिखरावरून सुरू होणारी व्हाले ब्लांश ही सुमारे २० किलोमीटरची वाट जगप्रसिद्ध आहे. पण ती हिमनदीवरची न आखलेली वाट आहे, बर्फाखाली भेगा असतात आणि वाटाड्याशिवाय तिच्यावर जाऊ नये. आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकणाऱ्याजवळ हिमस्खलनात शोध घेण्याचे संदेशयंत्र, फावडे आणि लांब शोधकाठी ही तिन्ही साधने असावीत आणि ती वापरण्याचा सराव असावा. युरोपात हिमस्खलनाचा धोका १ ते ५ अशा अंकांनी रोज जाहीर होतो. त्यातल्या ३ चा अर्थ पुष्कळ जण ‘मध्यम’ असा लावतात. तो चुकीचा आहे. ३ म्हणजे धोका लक्षणीय आहे, एकट्या माणसाच्या वजनानेही बर्फाचा थर सुटू शकतो.

औली आणि गुलमर्ग

भारतात शिकायचे असेल तर औली हे मला आजही चांगले ठिकाण वाटते. सुमारे २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान पसरलेला तिथला मुख्य उतार नवशिक्याला आणि मधल्या पातळीच्या माणसाला पुरतो, आणि गढवाल मंडल विकास निगम तिथे ७ आणि १४ दिवसांचे वर्ग घेत आले आहे. सात दिवसांत माणूस थांबायला शिकतो, चौदा दिवसांत वळायला; शक्य असेल तर चौदा दिवसांचाच वर्ग घ्यावा. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचल्यानंतर तिथून वर जाणारा रोपवे बंद करण्यात आला, म्हणून वर जाण्याची सोय आणि रस्त्याची स्थिती निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही. पुरेसा बर्फ न पडल्यामुळे तिथल्या स्पर्धा रद्द करण्याची वेळ आलेली आहे. पैसे परत मिळतील अशीच नोंदणी करावी.

गुलमर्गचा स्वभाव वेगळा आहे. सुमारे २,६५० मीटरवरच्या गवताळ मैदानाच्या कडेला अगदी सौम्य शिकाऊ उतार आहेत आणि गंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्याने माणूस अफरवट पर्वतावर साडेतीन हजार मीटरच्या कितीतरी वर पोहोचतो, जिथे न दाबलेला, खोल, मोकळा बर्फ आहे. पहिल्या टप्प्यावरच्या कोंगडूरी भागात मधल्या पातळीच्या वाटा आहेत, पण त्या थोड्या आहेत. म्हणजे अगदी नवा माणूस आणि अगदी मुरलेला माणूस, या दोघांसाठी गुलमर्ग आहे; मधल्याचे समाधान दोन दिवसांत संपते. तिकीट मिळते म्हणून नवशिक्याने स्की घेऊन दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये. २०२४ च्या फेब्रुवारीत याच डोंगरावर आखलेल्या भागाबाहेर झालेल्या हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला.

उंचीचा विचार आपण वैदर्भीयांनी जरा जास्तच करावा. आपली गावे तीन-चारशे मीटरवर आहेत आणि आपले सर्वांत थंड, सर्वांत उंच ठाणे म्हणजे अकराशे मीटरच्या आसपासचा चिखलदरा. २,५०० मीटरच्या वर मुक्काम केला तर डोके दुखणे, झोप न लागणे, मळमळणे हा त्रास होऊ शकतो, म्हणून पहिला दिवस नुसता चालण्यात घालवावा. केंद्र उंच असले की बर्फ टिकतो हा फायदा आहे; फ्रान्समधले व्हाल तोरांस हे गावच २,३०० मीटरवर असल्यामुळे तिथे एप्रिलमध्येही बर्फाची खात्री असते. पण झाडांच्या रेषेच्या वर धुके आले की पांढरा उतार आणि पांढरे आकाश एकच होऊन जाते, पायाखालचा चढउतार दिसत नाही आणि नवशिका जागीच कोलमडतो. झाडी असलेल्या मध्यम उंचीच्या केंद्रात झाडांच्या काळ्या रेघांनी डोळ्यांना आधार मिळतो. जानेवारीत जात असाल तर मध्यम उंचीही चालते, मार्चअखेर जात असाल तर उंच आणि उत्तरेकडे तोंड असलेले उतार शोधावेत. फेब्रुवारीत फ्रान्समधल्या शाळांना सुट्ट्या असतात. तेव्हा गर्दी आणि भाडे दोन्ही वाढतात. बहार उतरल्यानंतरचा जानेवारीचा मधला काळ आपल्या हाताशीही मोकळा असतो आणि तिथेही शांत असतो.

एकाच कुटुंबात तिन्ही पातळ्यांची माणसे असतील, तर निवड सर्वांत नवख्या माणसाच्या सोयीने करावी. त्याचबरोबर सगळ्यांना दुपारी एकत्र जेवता येईल असे मधले स्थानक असावे, ज्याच्या खाली सोप्या वाटा आणि वर अवघड वाटा आहेत. मुले शिक्षकाकडे सोपवून निघून जाणारे आईवडील मी पाहिले आहेत. पहिल्या सकाळी तरी असे करू नये, कारण बुटात पाय दुखतो हे लहान मूल परक्या भाषेत सांगू शकत नाही. विम्याच्या कागदात स्कीइंग वगळलेले तर नाही ना आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ही दोन वाक्ये शोधून वाचावीत.

पैसे भरण्यापूर्वी केंद्राच्या पर्यटन कार्यालयाला पत्र पाठवून चार गोष्टी विचाराव्यात. शिकाऊ उतार गावात आहे की वर, तिथे सरकता पट्टा आहे का, नवशिका लिफ्टने खाली येऊ शकतो का, आणि वाऱ्यामुळे ती लिफ्ट थांबली तर खाली आणण्याची काय व्यवस्था आहे. ही कार्यालये सहसा नेमके उत्तर देतात. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी, स्की भाड्याने घेण्याच्याही आधी, चार वाजता गावात उतरणाऱ्या वाटेच्या पायथ्याशी जाऊन अर्धा तास उभे राहावे आणि खाली येणाऱ्या माणसांचे पाय पाहावेत. ती सैल गुडघ्यांनी, सहज वळत येत असतील तर दोन-तीन दिवसांनी आपणही त्या वाटेने यावे. घसरत, थांबत, कडेला बसत येत असतील तर लिफ्टने खाली येण्याची शेवटची वेळ काय आहे ते तिथल्या फलकावरून लिहून घ्यावे.